टू म्हंजे हद्दीच्या बाहेर

—नाई नाई भाऊ, तिकडं नोका बसू, तिकडं ऊन येते, खुर्ची इकडं निंबाच्या सावलीत घ्या. हां. फाटकाकडं तोंड करून बसता? बसा, जसं बरं वाटन तसं बसा, माझं काय. मले फक्त या मिरच्या आवरू द्या — बोलता बोलता देठ तोडते. हात रिकामे असले की मले बोलताच येत नाई, आमचे हे म्हणतात शोभाबाईचं तोंड हातावर चालते. माठातलं पाणी देऊ? नोको? बरं. तं तुमी आमच्या बाजूच्या आचलची चौकशी कराले आले. मंग हे सांगाले इतके काऊन लाजले, भाऊ? फाटकाबाहेर किती वेळ उभे! पोरीच्या चौकशीले शेजारी नाई जायचं तं कुठं जायचं? घरच्यायले विचारून काय कळते, ते गोडच सांगतीन. आन् बाजूच्या घरात कोण्या भाजीले फोडणी पडली हे मले इथं बसून नाकानं कळते, साऱ्या केळझरले माहीत हाय. पण काहो, चौकशीले तं दोघं येत असतात ना — एक विचारणारा, एक आयकणारा, आमच्या इकडं असाच रिवाज हाय. तुमचे दुसरे पाहुणे कुठं राह्यले? ... स्टँडवरच्या पानटपरीवर? आन् बोलवा ना त्यायले, चहा घेतीन! लाजतात? लाजतात म्हंजे — नवरदेवच हाय का काय? पाहा, हासले तुमी. नवरदेवच हाय! मघाशी ती काळी बुलेट गल्लीतून चकरा मारून गेली, माझ्या खिडकीची काच हालली, ती त्यायचीच असन. पाहा बरं, लग्नाच्या आधीच किती घाई. नाई, चांगलं हाय, चांगलं हाय, माणसाले हौस पाह्यजे.

लिहून घेता? घ्या, घ्या. मोबाईलमंधीच लिहितात आता समदे. पोराच्या मायले पाठवता असान — पाठवा, बिनधास्त पाठवा, शोभाबाईनं सांगतलं म्हणून पाठवा. तं आयका. आचल इथं मावशीपाशी राह्यते, माधवीपाशी. माधवी तिकडं सावंगीच्या दवाखान्यात नर्स हाय, ड्युटी कधी दिवसा, कधी रात्री. पोरीचे मायबाप यवतमाळकडं. पोरगी मागच्या दिवाळीच्या आधी आली — एक बॅग घेऊन आली, बाकी काई नाई, म्या म्हटलं सणाले आली असन, तं राह्यलीच. मले विचारलं तं स्वभावानं सोन्यासारखी. आजकालच्या पोरीयसारखी उंडारणारी नाई. पाहा ना, तिची ती गल्लीकडची खिडकी — दिसते? आतून पेपर चिकटवला हाय. या उन्हाळ्यात बी उघडत नाई. म्या म्हटलं पोरी जीव घाबरन ना तुझा, तं म्हणे काकू, ऊन येते. इतकी लाजरी! फोटो काढू देत नाई. माझ्या भाचीच्या लग्नात साऱ्या बाया ओळीनं उभ्या राह्यल्या, आन् हे बाई पोळ्या लाटणाऱ्या बायायच्या मागं जाऊन बसली. मोबाईलमंधी तिचं ते फोटो-बिटो टाकायचं खातं नाई. आन् फोन नंबर? मले, मले नाई देल्ला, भाऊ! भिंतीले भिंत लागून, रोज माझ्या घरची वाटीभर भाजी तिच्या घरी जाते, तरी नाई. म्हणे काकू, काम असलं तं मावशीले लावा. मले राग आलता पयले, खोटं कायले बोलू. मंग म्या म्हटलं, बरोबरच हाय, माझ्यापाशी नंबर देणं म्हंजे देवळातल्या भोंग्यावर देणं. हाहाहा. पण तुमी सांगा, अशी पोरगी आज कोणाले भेटते?

शिक्षण? बीए हाय, इंग्रजी. आन् शिकवणं आयकान तं बापा! सकाळून सेलूले एका क्लासमंधी शिकवाले जाते, आन् संध्याकाळी इथं अंगणात गावातल्या पोरायची शिकवणी घेते. बाहेर पाटी लावली नाई — म्या म्हटलं लाव, आचल मॅडम, इंग्रजीचे वर्ग, पोरं वाढतीन, तं नोको म्हणे. आमच्या दोन्ही अंगणाच्या मधात हे एवढीशी भिंत. पोरं तिकडं बसतात, मी इकडं गहू निवडत, मिरच्या तोडत, आन् कान तिकडं. मी सातवी शिकलेली, पण आता मले विचारा — फेअरली आन् रादर, यायच्यात फरक काय? थांबा, मीच सांगते. दोन्हीचं माप एकच, म्हंजे बऱ्यापैकी, थोडंफार. पण फेअरली म्हणायचं ते चांगल्या तोंडानं, आन् रादर म्हणायचं ते नाक मुरडून. पाणी फेअरली वॉर्म — म्हंजे आंघोळीले बरं हाय. आन् तेच पाणी प्यायले घेतलं तं रादर वॉर्म. पाणी तेच, भाऊ! ऊन तेवढंच! ते तुमाले पाह्यजे होतं का नोको होतं, एवढाच फरक. मले लई आवडलं ते. घरी लगेच लागू केलं — लहानी जाऊ फेअरली हुशार, मोठी जाऊ रादर हुशार. आमचे हे म्हणे, तू शिकू नोको आता, घरात भांडणं लागतीन.

मंग ते क्वाइट. ते दोन तोंडाचं हाय. क्वाइट गुड म्हटलं तं बरं हाय, ठीक हाय, व्हेरी गुडच्या खालचं. पण जिथं कमी-जास्त होतच नाई अशा शब्दापुढं क्वाइट लावलं, तं ते पुरंच. क्वाइट एम्टी — पुरं रिकामं. क्वाइट अलोन — पुरी एकटी. बाई काय अर्धी एकटी असते? आन् हार्डली! मले वाटे हार्ड म्हंजे मेहनत, तं हार्डली म्हंजे लई मेहनत असन. नाई. हार्डली म्हंजे नाईच्या बरोबर. शी हार्डली गोज आऊट — ती बाहेर जातच नाई, गेली तं नावापुरती. हे तिनंच फळ्यावर लिहिलं होतं. म्या भिंतीवरून म्हटलं, काहो मॅडम, हे सोताचंच लिहिलं का? साऱ्या पोरायनं हासून घेतलं. तिनं बी हासलं — म्हंजे, हासल्यासारखं केलं.

आता दोष बी सांगते, चौकशी म्हंजे दोन्ही बाजू सांगा लागते. पोरगी जरा भित्री हाय. गल्लीतून मोठ्या आवाजाची गाडी गेली ना, तं खडू तिथंच थांबते तिचा. फळ्याकडं तोंड, पाठ पोरायकडं, आन् हात तसाच वर. गाडी गेली की मंग पुढं लिहिते. पोरं तं आता मुद्दाम तोंडानं फटफट आवाज काढतात, कार्टी! आन् एकदा ऑलमोस्ट शिकवत होती — ऑलमोस्ट म्हंजे झालंच होतं, पण झालं नाई. बस जवळजवळ गेलीच होती, पण भेटली. तं पियुष म्हणून एक पोरगं हाय, लई चोंबडं, ते म्हणे मॅडम, तुमी एक सांगा. तं ही म्हणे, आय ऑलमोस्ट डाइड. पोरं हासाले लागली, पियुष छातीले हात लावून खुर्चीवरून पडून दाखवे. ती नाई हासली. भाऊ, मी भिंतीच्या इकडं सूप घेऊन उभी, मले बी हासू आलतं, ते तसंच राह्यलं. मंग तिनं पुसून टाकलं आन् बसचंच उदाहरण लिहून देल्लं. आजारी-बिजारी होती का म्हणता? नाई नाई, तसं मनात नोका आणू! तब्येत ठणठणीत हाय. बोलण्यातलं ते, बाकी काई नाई.

आन् टू. ते तं मी माझ्या सुनेले बी शिकवन. व्हेरी म्हंजे पुष्कळ, आन् टू म्हंजे हद्दीच्या बाहेर. भाजी व्हेरी तिखट असली तं माणूस नाक पुसत पुसत खाते, आन् वरून अजून मांगते. पण टू तिखट असली तं ताट सरकवून उठाच लागते. लोकायले वाटते टू म्हंजे व्हेरीचा मोठा भाऊ. नाई, भाऊ. त्यायची जातच अलग. व्हेरीमंधी माणूस खूश बी असू शकते, टूमंधी कधीच नाई, असं ती सांगे. एक पोरगी म्हणे मॅडम, ही लव्हज हर टू मच, म्हंजे तो तिच्यावर टू मच जीव लावते, हे तं चांगलं ना? तं आचलनं हातातला खडू ठेवून देल्ला. मंग म्हणे, बेटा, टूच्या पुढं कायबी लाव, ते चांगलं राह्यत नाई. मले तवा वाटलं पोरीच्या बोलण्यात काईतरी हाय बरं. पण मी विचारलं नाई. मी — शोभाबाई — आन् विचारलं नाई! सांगतलं कोणाले तं पटणार नाई.

काय? ... कधी येते? आता येईनच. बसचा टाईम झाला. पण तुमचे नवरदेव स्टँडवर डोळे लावून बसले असतीन तं बसूनच राह्यतीन, हाहाहा! ती स्टँडवर उतरतच नाई. अलीकडं मंदिराचा फाटा लागते ना, तिथं उतरते, आन् मागच्या बाजूनं, पऱ्हाट्यायच्या वावरातून पायवाट हाय, त्या वाटेनं येते. रोज. म्या म्हटलं, काऊन वो, स्टँड जवळ पडते ना तुले? तं म्हणे काकू, गणपतीच्या पाया पडून येते. इतकी देवभोळी! त्या वाटेनं आता कोणी नसते, कापूस वेचून झाला, वावरं समदी रिकामी. लिहा, लिहा, हे बी लिहा, देवधर्म पाळते म्हणून लिहा, सासूले बरं वाटन. आन् आज मावशी घरी नाई, माधवी दुपारीच ड्युटीवर गेली, रात्रपाळी करूनच येईन. म्हंजे आज पोरगी घरी क्वाइट अलोन! पाहा, लावलं ना बरोबर? म्हणून म्हणते, तुमी आज पाह्याले-बिह्याले जाऊ नोका, पोरगी घाबरन, मावशी असताना रविवारी या. कांदापोहे मी करन.

हं? काय म्हणता? मोबाईलमंधून डोकं काढून एकदम — केस? नाई हो भाऊ, केस आखूड हायत, मानेवर. पोरासारखे. आली तवाच तसे कापून आलती, वाकडेतिकडे, जसे घरीच कैचीनं — आता वाढवते म्हणन, लग्न ठरलं तं वाढतीनच —

पण तुमी काय विचारलं, भाऊ? केस अजून कमरेपर्यंत हायत का, असं विचारलं ना?

अजून म्हंजे?

नाई, तसंच विचारते. या गावात तिचे कमरेपर्यंतचे केस कोणीच नाई पाह्यले. मी नाई पाह्यले. फोटोत पाह्यले? कोण्या फोटोत? आताच सांगतलं ना म्या, पोरगी फोटो काढू देत नाई ... जुना असन. हां. जुना असन. असू शकते. पाहा ना, माझं हे असंच, एकेका गोष्टीले धरून बसते. तुमी बसा. एक विचारू, भाऊ? राग नोका मानू. तुमी तिच्या मामाचं गाव नाई विचारलं. चौकशीले आलेला माणूस खुर्चीवर टेकायच्या आधी मामाचं गाव विचारते. कूळ विचारते. सैंपाक येते का, जमिनीचा तुकडा हाय का, बापाचा स्वभाव कसा, घरात कोणाले कोड-बिड हाय का — माझ्या लेकीच्या वक्ती तं पाहुण्यायनं तिच्या आजीचे दात विचारले होते! तुमी यातलं काईच नाई विचारलं. तुमी विचारलं कधी येते. कोण्या वाटेनं येते. घरी कोण असते. आन् मी —

मी बी काय, घडाघडा —

तो पेपर तिनं उन्हासाठी नाई लावला, भाऊ. व्हय ना?

नाई, उठू नोका! उठता कायले? मी काय म्हटलं? काईच नाई म्हटलं. चहा ठेवते ना आता, साखर जरा जास्त चालते ना तुमाले? बसा. मी इथं जरा फाटकात पाट टाकून बसते, इथं हवा येते. हां. आता बरं वाटलं. माझं अंग हे असं, एकदा बसली की मले उठवाले दोन माणसं लागतात, आन् हे फाटक माझ्याच मापाचं केलं वाटते! हात पाहा माझे — सकाळपासून मिरच्यायमंधी. लाल झाले. हा हात चुकून कोणाच्या डोळ्याले लागला ना, तं तो माणूस आठ दिवस रस्ता नाई पाहू शकत. सहज सांगून राह्यली. तुमी बसा. अजून तं मी काईच सांगतलं नाई, प्रिटी राह्यलं, इनफ राह्यलं. प्रिटी म्हंजे देखणी नोका समजू, शब्दाच्या आधी आलं की ते बी मापच हाय, प्रिटी गुड, प्रिटी बॅड. आन् इनफ मागून येते. बाकी समदे पुढं, हे एकटं मागून. गुड इनफ. लेट इनफ. काऊन मागून येते ते तिले विचारा लागन — नाई, विचारू नोका, तुमी तिले काईच विचारू नोका — पंचफुला! ओ पंचफुला! इकडं ये वो, आचलले पाह्याले पाहुणे आले हायत! कमलले घेऊन ये, समद्यायले घेऊन ये, धाव! ... आता पाहा, भाऊ. आमच्या गल्लीत पोरीले पाह्याले पाहुणा आला म्हटलं ना, तं चुलीवरचं दूध तसंच टाकून बाया येतात. आल्याच पाहा. कोणी मामाचं गाव विचारन, कोणी कूळ विचारन, सांगत बसा. संध्याकाळ होईन तुमाले सांगता सांगता. इथून तुमी उठत नाई आता. मी बोलली ना, ते माझ्या तोंडानं गेलं, आता माझ्याच तोंडानं अडवते. मले बोलण्यात कोणी हरवत नाई.

आयकता? हॉर्न वाजला. बस आली फाट्यावर. उतरली असन ती. उतरू द्या, येऊ द्या सावकाश वावरातून, काई भेव नाई, तुमी इथं माझ्यासमोर हाय, मी फाटकात हाय, बाया येऊन राह्यल्या. पोरगी मागच्या दारानं घरात जाईन, कडी लावन, आन् मंग मी सोता माधवीले —

हासता कायले, भाऊ?

नाई, मघापासून पाह्यते मी. तुमी उठून एकदाच बसले, मंग उठलेच नाई. घाई नाई तुमाले. मी इथं घाम पुसून राह्यली, आन् तुमी खुर्चीत पाठ टेकून — मोबाईल बी खिशात ठेवून देल्ला. लिहिणं झालं का? कोणाले लिहून राह्यले होते इतका वेळ? पोराच्या मायले म्हटलं म्या, तुमी कुठं म्हटलं. केसांचं तुमी मोबाईलमंधी पाहून विचारलं — ते तुमी नाई विचारलं, भाऊ. ते त्यानं विचारलं. टपरीवरच्यानं. तिचे लांब केस त्यानं पाह्यले —

थांबा. चूप बसा. पंचफुला, चूप बस वो, आवाज नोको!

ही बुलेट. स्टँडकडून आली ना? गल्लीत नाई वळली. सरळ गेली. सरळ तं मंदिराचा फाटा हाय — पंचफुला, धाव! पऱ्हाट्यायच्या वाटेनं धाव वो माय, विचारू नोको काऊन, आचलले आवाज दे, समद्या जा, बोंबलत जा! मले उठवा कोणी! नंबर — नंबर नाई ना माझ्यापाशी, कोणापाशीच नाई — भाऊ, तुमी लावा फोन. त्याले लावा. परत बोलवा त्याले, पाया पडते मी तुमच्या. लावा ना. असे पाह्यता काय माझ्याकडं?

इतका वेळ मीच बोलून राह्यली. आता तुमी बोला, भाऊ.

बोला ना.